चवदार तळ्याचे पाणी कुठवर आले?

आमच्या माणदेशातल्या घराच्या परसदारी, भिंतीतल्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप असे. गावाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या गड्याला चहा त्यातच मिळे. चहा झाला की तो आपणच कप विसळून कोनाड्यात पालथा घाली. पाणी मात्र आजी वरून त्याच्या ओंजळीत ओतत असे. घरात कुणी त्याला वाईट बोलल्याचे मला आठवत नाही. सणाला त्याच्या पोरांना कपडे जात, दुखण्याखुपण्याला औषध जाई. तरी कप वेगळा होता, आणि लहानपणी मला त्या कपाबद्दल एकदाही प्रश्न पडला नाही. तो पडला पुढे कॉलेजात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महाडचे भाषण वाचताना.

२५ डिसेंबर १९२७ चे ते भाषण. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ सालीच संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागद खुला झाला, काठ बंदच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तर समोर कोर्टाचा मनाई हुकूम.

अशा वेळी एखाद्या पुढाऱ्याने तहानेचे वर्णन करून सभा हेलावून सोडली असती. बाबासाहेबांनी उलटेच सांगितले. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि आजवर त्यावाचून मेलोही नाही. तळ्यावर जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला, असा त्यांचा मुद्दा होता. त्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. पाणवठा आणि देऊळ खुले झाले म्हणजे काम संपले असे समजू नका, रोटीबंदी आणि त्याहून खोल गेलेली बेटीबंदी शिल्लक आहे, हेही बजावले. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनला आपले गाजलेले भाषण केले २८ ऑगस्ट १९६३ रोजी. महाडनंतर छत्तीस वर्षांनी.

या भाषणाचे मूळ मी सातारा जिल्ह्यात शोधतो. भीमराव तेव्हा साताऱ्यात शिकत होते. १९०१ साली भाऊ आणि भाच्यांसह ते वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावी रोखपाल होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता. मसूर स्टेशनवर मुले उतरली, जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, हा पायी चालणार. सोबत शिदोरी होती, पाणी नव्हते. जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही घोटभर पाणी मिळाले नाही, आणि भरल्या शिदोरीशेजारी मुले उपाशी झोपली. बाप तलावाच्या कामाचा हिशेब लिहितो आणि लेकराला पाणी नाही!

त्याच मसूरच्या कराड तालुक्यात, कृष्णाकाठी, टेंभू आहे. तिथून उचललेले पाणी आज सांगलीच्या दुष्काळी भागात जाते. ते कोणाला मिळावे, हा प्रश्न आटपाडीने १९९३ पासून पाणी परिषदांतून लावून धरला. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही मंडळी त्यात पुढे होती. मागणी अशी की पाणी जमिनीच्या एकरांवर नको, माणसांवर वाटा. भूमिहीन कुटुंबालाही समान हिस्सा द्या. त्याआधी खानापूर तालुक्यात तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी येरळेवर बळिराजा धरण बांधले, तेव्हाही भूमिहीनांचा हिस्सा धरला होता. ज्याला रानच नाही त्याला पाणी कशाला, असे विचारणारे आजही भेटतात. माझ्या मते महाडचे भाषण हेच त्याचे उत्तर आहे. पाण्यातला हिस्सा ही माणूस म्हणून असलेल्या बरोबरीची खूण आहे. शिवू देणे ही पहिली पायरी, वाटा देणे ही दुसरी.

काही वाचक म्हणतील, आता घरोघर नळ आले, पाणवठ्याचा वाद उरला कुठे? खरे आहे. पण नळाने आपल्याला एकमेकांसमोर येण्यापासूनही सोडवले. जो तो आपापल्या तोटीखाली. आडावर कोण कुठे उभा राहतो ते निदान दिसत तरी होते. बाबासाहेबांनी बेटीबंदीचा जो प्रश्न त्या दिवशी काढला, त्याला तोटी नसते. चवदार तळ्याचा खटला हायकोर्टात १९३७ साली निकाली निघाला. तो दुसरा खटला अजून घराघरांत चालू आहे, आणि त्यात वादीही आपण, न्यायाधीशही आपणच.

आजी गेली. घर दुरुस्त झाले, कोनाडा बुजवला. तो कप कधी तरी फुटला असेल. आम्ही कुणी तो फोडला नाही, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे. आणि आमच्या घरातल्या लग्नपत्रिकांवर व्याह्यांची आडनावे मी वाचतो, तेव्हा कोनाडा खरोखरच बुजला का, अशी शंका मला येते.