ताळा जुळल्यावाचून दिवस संपत नाही

बँकेच्या शाखेत रोखपालाची शिल्लक आणि वहीतील आकडा जुळल्यावाचून दिवसाचे काम संपले असे कोणी म्हणत नाही. एका रुपयाचा फरक असला तरी तो शोधावा लागतो. हीच शिस्त आपण घरच्या संगणकाला का लावत नाही, हा प्रश्न मला पडला तो काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात.

पंचगंगा आणि दुर्गाघाटाजवळच्या या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत. २०१९ च्या दिवाळीनंतर मी तेथे माझ्या थोरल्या मावसभावाकडे उतरलो होतो. अण्णांकडे यजमानांच्या जुन्या वह्या आहेत. त्यांतील नावे-गावे सहा वर्षे खपून त्यांनी संगणकावर उतरवली होती. वहिनींच्या निवृत्तिवेतनाचे खातेही त्याच संगणकावरून पाहिले जाई. दगडी भिंतींमुळे मोबाईलची लहर आत येत नसे आणि तारेची जोडणी माकडांच्या कृपेवर अवलंबून असे. साहजिकच संगणकातील विंडोज ७ ला वर्षभरात सुरक्षेचे एकही अपडेट मिळाले नव्हते.

पुतण्याने यावर उपाय काढला. इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी सर्व अपडेट एकत्र बांधून देणारा एक संच त्याने दुसरीकडे उतरवून घेतला आणि पेनड्राईव्हवर आणला. संच चालवला, पडद्यावर ‘यशस्वी’ असा शब्द उमटला आणि सर्वांनी समाधानाचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी त्याने ताज्या महिन्याचे अपडेट हाताने बसवून पाहिले, तर ते काही केल्या बसेना. “संचच खराब आहे. दुसऱ्या एका ठिकाणी सगळे फुकट मिळते, तेथून आणतो,” असे तो म्हणू लागला.

मी अण्णांना विचारले, “अण्णा, काल त्या शब्दाखाली आणखी काही लिहिले होते का?”

“होते काहीतरी इंग्रजीत. यशस्वी म्हटल्यावर पुढे कोण वाचतो?”

संच आपल्या कामाची नोंदवही ठेवतो. ती उघडली तेव्हा सारा उलगडा झाला. पहिल्या फेरीत काही पायाभूत अपडेट बसली होती. त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि संच पुन्हा चालवावा, अशी स्पष्ट सूचना होती. अण्णांनी संगणक केवळ झोपवला होता.

याचे कारण समजण्याजोगे आहे. प्रत्येक अपडेटवर मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी असते. धनादेशावरील सही जशी नमुन्याशी ताडून पाहतात, तशी संगणक ती स्वाक्षरी तपासतो. २०१९ साली स्वाक्षरीची जुनी पद्धत सोडून ‘शा-२’ ही अधिक भक्कम पद्धत लागू झाली. विंडोज ७ ला ही नवी सही ओळखता यावी म्हणून त्या वर्षी मार्चमध्ये दोन अपडेट निघाली होती. ती बसून संगणक पुन्हा सुरू झाल्याखेरीज पुढची अपडेट स्वीकारलीच जात नसत. म्हणजे संच निर्दोष होता. चुकला होता तो क्रम. आम्ही संगणक पुन्हा सुरू केला आणि संच आणखी दोनदा चालवला. जे आदल्या दिवशी अडले होते ते बसले. शेवटी अपडेटच्या इतिहासाची यादी उघडून एकेक नोंद ताडून पाहिली, तेव्हा कुठे ताळा जुळला.

अडचण आली की दोष साधनाचा ठरवून दुसरे साधन शोधावे, ही आपली सवय मला घातक वाटते. अनोळखी ठिकाणचा संच म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली. ‘ऑटोपॅचर’ या लोकप्रिय संचाच्या वितरणास मायक्रोसॉफ्टने २००७ साली हरकत घेतली होती. पुढे त्या संचाने फायली थेट कंपनीकडूनच उतरवून घेण्याचा मार्ग स्वीकारला. ग्राहकाच्या दृष्टीने तोच मार्ग योग्य आहे. वाटेत कितीही हात लागोत, मूळ माल मूळ ठिकाणचाच हवा.

इतकी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर थैमान घातले. दीडशेहून अधिक देशांतील लक्षावधी संगणकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध होते. औषध घरात होते, पण घेतले नव्हते! रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना फर्मावले की, जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम यंत्रे पाठबळ असलेल्या प्रणालीवर आणावीत. जो नियम बँकेच्या यंत्राला, तोच ग्राहकाच्या यंत्राला का नसावा?

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. जे अपडेट निघतच नाही, ते कोणताही संच देऊ शकत नाही. विंडोज ७ चे सर्वसाधारण पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले, विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. अण्णांनी वेळीच नवा संगणक घेतला आणि वह्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली. जुन्या यंत्रावर माया असावी, पण खात्याचा व्यवहार त्यावर करू नये.

दरवर्षी पावसाळा सरला की गंगा घाटांच्या पायऱ्यांवर गाळ ठेवून जाते. पाणी जसजसे ओसरते, तसतशा पायऱ्या वरून खाली धुऊन काढतात. गेल्या वर्षी धुतल्या होत्या म्हणून यंदा कोणी थांबत नाही आणि मधल्या पायऱ्या सोडून कोणी शेवटची धूत नाही. सुज्ञ ग्राहकहो, आपल्या संगणकाचेही असेच आहे. क्रमाने करा, दरमहा करा, आणि ‘यशस्वी’ या शब्दाखालची ओळ वाचल्याशिवाय उठू नका.