आरोग्यविचार : भुलीचा वायू आणि ब-१२ जीवनसत्त्व

गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या बाजारपेठेत व्यापाऱ्याचा दिवस पेढीवर बसून जातो. पायांना मुंग्या आल्या, तळवे बधिर वाटले, तर दोष मांडी घालून बसण्याला दिला जातो. शाकाहारी कुटुंबांत मात्र त्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. शस्त्रक्रियेसाठी नाशिकला जाण्याचा प्रसंग आला, तर भूलतज्ज्ञाला हे सांगणे अगत्याचे ठरते.

याचे कारण भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू. अमेरिकी दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये तो हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली, आणि पुढे तो शस्त्रक्रियागृहांत रुळला. ब-१२च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. हा वायू त्या अणूचे ऑक्सिडीकरण करून जीवनसत्त्व निकामी करतो. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण टिकण्यास तेच जीवनसत्त्व लागते. शरीरात साठा पुरेसा असेल, तर अल्पकाळ दिलेला वायू सहसा अपाय करीत नाही. साठा तुटपुंजा असेल, तर काही दिवसांनी वा आठवड्यांनी हातपाय बधिर होणे, अंधारात तोल जाणे, अशी लक्षणे उद्भवू शकतात.

ही उणीव विरळा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. शाकाहाऱ्यांत हा धोका चौपटीहून अधिक आढळला.

दूध-दह्यातून ब-१२ मिळते, परंतु ते नेहमीच पुरते असे नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत उणीव अधिक संभवते. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी आहार, मुंग्या आणि चालू औषधे यांची माहिती भूलतज्ज्ञाला द्यावी व ब-१२ची तपासणी करावी का, हे विचारावे. उणीव आढळल्यास आधी इंजेक्शने देता येतात किंवा हा वायू वगळून भूल देता येते. औषधातील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून बनते, मांसातून नव्हे. कॅप्सूलचे आवरण मात्र प्राणिज जिलेटिनचे असू शकते. तेवढी खात्री औषधविक्रेत्याकडे करून घ्यावी.