आधी झाकण उघडा!

‘कार्बोरेटर साफ करून घ्या’ या चार शब्दांवर सरकारने ताबडतोब बंदी घातली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी मोटारसायकल झटके देऊन रस्त्यात उभी राहिली, की बोईसर ते चिंचणी या टप्प्यात जो भेटेल तो हेच चार शब्द उच्चारतो आणि पुढे जातो. मग तो रिक्षावाला असो, बोंबलांची पाटी घेऊन निघालेली मावशी असो, की एमआयडीसीतला केमिकल इंजिनियर असो. वैद्याकडे जसा त्रिफळा, कचेरीत जसा ‘वरून आदेश’, तसा मोटारसायकलीत कार्बोरेटर. कशावरही चालतो. गुण येतोच असं नाही, पण दिल्याचं समाधान मिळतं.

मी बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा आणि इंजिनाचा संबंध वाहनकर्जाच्या अर्जापुरताच असावा, असं आमच्या घरातही एक मत आहे. पण वडिलांकडून आलेली शंभर सीसीची जुनी गाडी मी तारापूर-बोईसर अशी बरीच वर्षं चालवतो आहे, आणि बँकेने मला एक गोष्ट शिकवली आहे, जी गॅरेजात कुणाला शिकवलेली दिसत नाही. हिशेब जुळत नसेल तर व्हाउचरं पहिल्यापासून तपासायची. संध्याकाळी कॅश साडेतीनशे रुपयांनी कमी भरली, म्हणून आम्ही कॅशियरला उघडून, पेट्रोलने धुऊन, फुंकर मारून परत खुर्चीवर बसवत नाही!

आता रोग काय आहे ते पाहा. टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिनाला मिळत नाही. एवढाच रोग. आपल्या देशाला तो काही नवा नाही. दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच खाली पोचतात, असं १९८५ साली खुद्द पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. याचा अर्थ मधली नळी तपासा, असा होता. लाभार्थ्याला खोलून साफ करा, असा नव्हता.

आणि तारापूरकरांना तर हा धडा कुणी नव्याने शिकवायलाच नको. आमच्या गावच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ साली केला. भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. १९७४ साली आपण पोखरणला चाचणी केली, १९७८ साली अमेरिकेने आपला कायदा कडक केला, आणि इंधन अडखळत यायला लागलं. शेवटी १९८२ साली फ्रान्सने ते काम अंगावर घेतलं. या सगळ्या काळात कुणी शास्त्रज्ञाने ‘भट्टी साफ करून घ्या’ असा सल्ला दिल्याचं ऐकिवात नाही. अडलं होतं ते नळीच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टनला! अणुशक्तीला जी अक्कल लागू पडते, ती शंभर सीसीला का पडू नये?

पेट्रोलचा प्रवास तरी केवढा? टाकी, कॉक, नळी, कार्बोरेटरची वाटी, आणि मग जेट. पाच स्टेशनं. डहाणूच्या लोकलला याहून जास्त असतात. आणि आमचे मेकॅनिक चौकशी सुरू करतात ती शेवटच्या दोन स्टेशनांवर! गाडी सुटलीच नसेल तर तिथे उभं राहून काय कळणार?

पहिलं स्टेशन टाकीचं झाकण. या झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत यावी, यासाठी ते असतं. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायची असतात, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. दुसरं कशाला, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. आता एमआयडीसीची धूळ आणि समुद्रावरचा खारा वारा यांनी ते भोक बुजलं, की टाकीत हवेची ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायला राजी होत नाही. गाडी दोन-चार किलोमीटर छान जाते, मग झटके देते, मग थांबते. पाच-दहा मिनिटं उभी केली की वाटी हळूहळू भरते आणि गाडी निमूटपणे चालू होते. अशा वेळी झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर निकाल तिथेच लागला.

यातली खरी गंमत पुढेच आहे. टाकी फुल्ल असताना हा त्रास लवकर होतो. कारण वर हवेला जागाच थोडी, त्यामुळे ओढ पटकन वाढते. तेव्हा ‘अहो, परवाच टाकी फुल्ल केली हो, पेट्रोलचा प्रश्नच नाही!’ असं छातीवर हात ठेवून सांगणारा गृहस्थ नकळत रोगाचीच ग्वाही देत असतो.

मग मेकॅनिकला हे सापडत का नाही? तर तो गाडी हातात घेतल्याबरोबर पेट्रोल आहे का हे बघायला झाकण उघडतो. ओढ गेली! मग तासभर कार्बोरेटर धुतो, गाडी उभीच असते. मग नाक्यापर्यंत एक चक्कर मारून येतो. गाडी पळते. ‘बघा साहेब, कचरा होता.’ मी दोनशे रुपये देतो. पुढल्या आठवड्यात गाडी त्याच जागी उभी. नवस फेडूनही पाऊस पडतो, म्हणून नवसाने पाऊस पडत नाही. पण हे भक्ताला कोण सांगणार?

बरं, कार्बोरेटरमध्ये कचरा कधीच नसतो असं मी म्हणत नाही. असतो. पण तो आला कुठून? तो काही पालघरहून बदलून आलेला नाही. तो टाकीतला गंज असतो. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत राहिली की आतून गंजते. त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ सालापर्यंत वीस टक्क्यांवर पोचलं, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं तर ते दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. जुन्या गाडीतली रबरं या मिश्रणाचा विचार करून घडवलेली नाहीत. म्हणजे टाकी, कॉकमधली जाळी आणि नळी न बघता नुसता कार्बोरेटर धुणं, हे छप्पर गळत असताना फरशी पुसण्यासारखं आहे.

आणि धुतात तरी कसं! जेटचं भोक एक मिलिमीटरहूनही लहान. त्याचं माप कारखान्यात ठरलेलं, धातू पितळ. त्यात आमचे धन्वंतरी पोलादी तार खुपसतात. भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल प्यायला लागते, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि मग ‘साहेब, कार्बोरेटरच नवीन टाकू.’ वास्तविक तिथे जोराची हवा मारली की काम होतं.

खरं तर तपासणीला पाच मिनिटं पुरतात. गाडी अडखळायला लागली की चोक ओढा. त्याने जरा सुधारली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्त हवा शिरतेय. दिवा विझावा तशी एकदम गेली, तर ठिणगीकडे बघा. मग इंजिन गार झाल्यावर, विडीवाल्याला लांब उभं करून, नळी कार्बोरेटरकडून काढा आणि बाटलीत धरा. झाकण लावलेलंच ठेवा. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली, तर झाकण. सुरुवातीपासूनच बारीक, तर कॉकची जाळी, नळीला पडलेली घडी, किंवा हौसेने मध्येच बसवलेला फिल्टर. धार शेवटपर्यंत उत्तम असेल, तरच, आणि तरच, कार्बोरेटरला हात लावा.

तुम्ही म्हणाल, दोनशे रुपयांसाठी एवढा संताप? माझे दोनशे गेले तर माझी संध्याकाळची भजी जातात. पण या रस्त्यावर जुन्या गाड्या चालवतात त्या हौसेने नव्हे. विक्रमगडकडून, मनोरकडून पहिल्या पाळीला येणारा पोरगा सेकंडहँड गाडी घेतो. तीन वेळा उशीर झाला की गेटवर परत पाठवतात, आणि त्या दिवसाची मजुरी जाते. बोईसर-चिल्हार रस्त्यावर मागून टँकर येत असताना गाडी मधोमध दम टाकते, तेव्हा जातं ते मजुरीपेक्षा मोठं असतं. आणि चार वेळा कार्बोरेटर ‘साफ’ करून वैतागलेला तो पोरगा चांगली गाडी भंगाराच्या भावाने देऊन टाकतो. कशापायी? सुईच्या अग्राएवढ्या एका बुजलेल्या भोकापायी!

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे हा सल्लाही आपोआप मरेल, अशी माझी भाबडी आशा होती. पण परवा एका गृहस्थाने अगदी नव्याकोऱ्या, इंजेक्शनवाल्या गाडीकडे पाहूनही तोच मंत्र म्हटला. म्हणजे कार्बोरेटर गेला, तरी सल्ला अमर आहे.

तेव्हा वाचकहो, एक करा. यापुढे तुमच्या बंद गाडीशेजारी कुणी ते चार शब्द उच्चारले, की त्याला नम्रपणे विचारा, ‘आपण झाकण उघडून पाहिलंत का?’ तो विचारात पडेल. पडू द्या. त्याचं उत्तर येईपर्यंत वाटी भरते आणि गाडी चालू होते.