टनांचा हिशेब ठेवता, माणसांचाही ठेवा

स्वच्छ ऊर्जेसाठी खनिजे हवीत, असे व्यासपीठांवरून आणि लेखांतून सांगणाऱ्या सर्व जाणकारांस,



सौर ऊर्जेवरून माझे तुमच्याशी भांडण नाही. कोळसा थांबला पाहिजे, हे मला कोणी पटवून द्यायला नको. बदलत्या हवामानाने आंब्याचा मोहोर कसा बिघडत चालला आहे, ते आम्ही किनाऱ्यावरचे लोक दर हंगामात बघतो. विजेवरच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीच्या कितीतरी पट तांबे लागते, पवनचक्कीला ते टनांनी लागते, हेही तुमच्याकडूनच कळले.

माझे दुखणे तुमच्या एका वाक्याचे आहे. तामिळनाडूतल्या तुतिकोरिनचा स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना बंद पडला आणि तांबे निर्यात करणारा भारत आयात करू लागला, हे तुम्ही कितीदा सांगता! वर्षाला चार लाख टनांची क्षमता गेली, देशातले जवळपास चाळीस टक्के उत्पादन गेले. आकडे खरे आहेत. पण ‘बंद पडला’ म्हणताना तुम्ही २२ मे २०१८ हा दिवस गाळता. त्या दिवशी आंदोलनाला शंभर दिवस झाले होते. कारखान्याचा विस्तार नको, आहे तोही बंद करा, असे म्हणत हजारो लोक जिल्हाधिकारी कार्यालयाकडे चालत निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तेरा माणसे गोळीबारात मेली. त्यांत नुकतीच शाळा संपवलेली मुलगी होती. पिवळा टी-शर्ट घातलेला, पोलिसांच्या गाडीच्या टपावर चढून नेम धरणारा साध्या वेशातला पोलीस सगळ्या देशाने पाहिला. सहा दिवसांनी राज्य सरकारने कारखान्याला टाळे ठोकले. त्या टाळ्याची किंमत तुम्ही टनांत सांगता. ज्यांनी ती जिवाने मोजली, त्यांना तुमच्या भाषणात एक ओळही मिळत नाही.

मी हे रत्नागिरीहून लिहितो आहे, त्याला कारण आहे. हा कारखाना आधी आमच्याकडे यायचा होता. १९९२ साली इथे त्याला जमीन मिळाली, बांधकामही सुरू झाले. आंबा बागायतदार आणि मच्छीमार एकत्र उठले. तांबे गाळताना गंधकाचा वायू निघतो, मळी उरते, तिच्यात आर्सेनिकसारखी विषे असतात. बागा आणि खाड्या जगवायच्या तर हे इथे नको, एवढे साधे म्हणणे होते. १९९३ च्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. त्यासाठी कोणाला जीव द्यावा लागला नाही. १९९४ च्या ऑक्टोबरात तुतिकोरिनला त्याच कारखान्याची पायाभरणी झाली. तिथेही मच्छीमारच होते. आमच्याकडे ही गोष्ट विजयाची म्हणून सांगतात. २०१८ नंतर मला ती तशी सांगवत नाही. आम्ही दारातून परत पाठवले, ते त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. फरक एवढाच की आमचे कोणीतरी ऐकले.

त्यांचे कोणी ऐकले? मार्च २०१३ मध्ये वायू बाहेर पडला, लोकांचे डोळे आणि घसे जळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणासाठी शंभर कोटी भरायला लावले, पण कारखाना चालू ठेवला. क्षमता दुप्पट करायचेही ठरले होते. त्या विस्तारासाठी लोकांसमोर सुनावणी घ्यायला हवी होती. औद्योगिक वसाहतीतला प्रकल्प म्हणून ती टाळली गेली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने विस्ताराचे काम थांबवून आधी जनसुनावणी घ्या, असा आदेश दिला. त्या आदेशाची तारीख आहे २३ मे २०१८. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी! ज्यांना बोलायचे होते, त्यांतले कितीतरी तोवर शवागारात होते. ती तारीख वाचली तेव्हा मला राग आवरला नाही, आजही आवरत नाही.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतली तुमची भाषा मला जास्त लागते. महत्त्वाची खनिजे, राष्ट्रीय गरज, परवानग्यांना लागणारा वेळ. २०२३ मध्ये केंद्राने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, तांबे तिच्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या आणि लिथियम, निकेलसारख्या महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. तुमच्यातल्या किती जणांनी त्याला विरोध केला? जनसुनावणी ही काही फार मोठी गोष्ट नसते. मांडव, माईक, एक अधिकारी आणि गावातली माणसे. कित्येकदा ती नुसता उपचार होते, तेही ठाऊक आहे. पण मोर्चा निघण्याआधी बोलायची तेवढीच एक जागा असते. तीही काढून घेतली तर माणसे रस्त्यावर येणार, आणि रस्त्यावर त्यांच्यासमोर कोण उभे असते, ते तुतिकोरिनने दाखवले आहे. हे सगळे स्वच्छ ऊर्जेच्या नावाने होते आहे, याचे मला फार वाईट वाटते, कारण ते नाव माझ्याही जिवाभावाचे आहे.

शाश्वत खाणकामाच्या तुमच्या व्याख्येत पाणी येते, मळी येते, कार्बन येतो. गोळी येत नाही. का? गोळीबाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती अरुणा जगदीसन आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला. गोळीबार विनाकारण झाला, पळणाऱ्या लोकांवर झाला, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. सतरा पोलिसांवर आणि तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस आहे. २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कारखाना बंद ठेवण्याचा निर्णय कायम केला, त्यावर तुम्ही तांब्याच्या भावाची काळजी केलीत. आयोगाच्या शिफारशींचे काय झाले, हे कधी विचारलेत?

मंत्री तुमच्या परिषदांना येतात, तुमचे ऐकतात. तुतिकोरिनच्या आयांना ती सोय नाही. पुढच्या परिषदेत टंचाईचा तक्ता दाखवाल, तेव्हा मंत्री समोर असताना दोन गोष्टी मागा. आयोगाने ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांच्यावरचे खटले, आणि काढून घेतलेली जनसुनावणी. त्यानंतर तांब्याविषयी बोला, मी ऐकायला येईन.

आपला,
रत्नागिरीचा एक रहिवासी