नौकेवर मुक्काम, सायकलवर प्रवास

साठीच्या आसपासची मित्रमंडळी एकत्र सहल ठरवू लागली, की पहिली अडचण बहुधा पैशाची नसते. ती गुडघ्यांची असते. एकजण दिवसाकाठी पन्नास किलोमीटर सायकल सहज चालवतो, दुसऱ्याला वीस किलोमीटरनंतर विश्रांती हवी असते, तर तिसऱ्याला एखाद्या दिवशी सायकलवर बसणेच नको वाटते. मग ज्याची शक्ती कमी, तो संकोचाने 'तुम्ही जाऊन या' असे म्हणतो आणि जुन्या मंडळातून हळूहळू गळतो. बेल्जियम व नेदरलँड्समध्ये रूढ असलेल्या बार्ज-सायकल सहलीत या अडचणीवर साधा उपाय सापडतो.

ब्रुज ते ॲमस्टरडॅम हा त्यातील प्रसिद्ध मार्ग साधारण आठ दिवसांचा आहे. घेंट, हिऱ्यांच्या व्यापारामुळे अनेक भारतीय कुटुंबांना परिचित असलेले अँटवर्प, डॉर्ड्रेख्ट आणि 19 पवनचक्क्यांचे किंडरडाइक ही त्यातील ठिकाणे. सकाळी न्याहारी करून मंडळी सायकलींवर निघतात, बार्ज कालव्याने वा नदीने पुढे सरकते आणि संध्याकाळी पुढच्या गावाच्या धक्क्यावर सर्वांची भेट होते. सामान रोज बांधावे लागत नाही. ज्याला थकवा आला असेल, तो त्या दिवशी बार्जवरच राहतो. त्याच्यासाठी कोणाला थांबावे लागत नाही आणि तोही मागे पडत नाही. कारण त्याचा मुक्काम त्याला घेऊनच पुढे जात असतो.

या जलमार्गांचा इतिहास व्यापारी मनाला विशेष भावणारा आहे. 1632 साली ॲमस्टरडॅम ते हार्लेम असा कालवा खुला झाला. काठावरून चालणारा घोडा प्रवासी नौका ओढत असे; वेग ताशी सुमारे सात किलोमीटर. वेग बेताचा, परंतु वेळापत्रक पक्के होते: उतारू कमी असोत वा जास्त, ठरल्या वेळी नौका सुटे. व्यापाऱ्याला भेटीची वेळ आधी ठरवता येऊ लागली, हा त्यातील खरा लाभ. पुढे 1839 मध्ये नेदरलँड्सची पहिली रेल्वे धावली, तीही याच दोन शहरांदरम्यान.

मालवाहू बार्जवरही काळ पालटला. फ्रान्सने 1879 साली कालव्यांसाठी जे प्रमाण माप ठरवले, त्यानुसार 38.5 मीटर लांब आणि 5.05 मीटर रुंद अशा असंख्य बार्ज बांधल्या गेल्या. ट्रक आणि मोठी जहाजे आल्यावर हा आकार मालवाहतुकीस परवडेनासा झाला. धान्य व कोळसा वाहणाऱ्या कित्येक बार्ज भंगारात गेल्या. काहींच्या मालकांनी मात्र मालाच्या कोठारात खोल्या बांधून उतारू घेण्यास आरंभ केला. जुन्या मालमत्तेला नवा उपयोग शोधणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मार्ग सपाट असला तरी वाऱ्याचा विचार करावा लागतो. या प्रदेशात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. म्हणून ब्रुजहून ॲमस्टरडॅमकडे जाणाऱ्याच्या पाठीशी तो असण्याचा संभव अधिक. सायकलवाटांच्या प्रत्येक छेदबिंदूला क्रमांक असतो. दिवसाचे क्रमांक कागदावर लिहून घेतले, की भाषा न येणाराही वाट चुकत नाही.

बार्जवरील खोल्या लहान असतात आणि स्वयंपाकघर एकच. त्यामुळे कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्यास नोंदणीच्या वेळीच ते लेखी कळवणे इष्ट. जूनच्या अखेरीस तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. त्यामुळे दिवसाउजेडी जेवणाऱ्यांची अडचण होत नाही. विजेवर चालणारी सायकल हवी असल्यास तिचे जादा भाडे सामाईक खर्चात धरायचे की ज्याचे त्याने द्यायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. रोजचा किरकोळ खर्च एकाच वहीत लिहावा आणि शेवटच्या मुक्कामी हिशेब पूर्ण करावा. मैत्रीत हिशेब नको, असे म्हणणाऱ्यांच्या मनातच बहुधा तो अधिक काळ रेंगाळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाने आपली खरी शक्ती आधीच मोकळेपणाने सांगावी. बार्ज दुबळ्या गुडघ्यांना सामावून घेते. लपवलेल्या दुखण्यावर मात्र तिच्याकडे उपाय नाही. वीस किलोमीटर चाललेला आणि पन्नास किलोमीटर चाललेला, असे दोघेही संध्याकाळी एकाच मेजावर बसतात. सहलीचे यश मोजायचे असेल, तर किलोमीटर न मोजता त्या मेजाभोवती सगळे आहेत ना, एवढेच पाहावे.