डोळे तपासता, साखरेचे कोण सांगणार?

गावात मोतीबिंदूचे शिबिर लागले की शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. शिरोळपासून चंदगडपर्यंत हे चित्र सारखेच. नावे लिहिली जातात, शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले जाते आणि काहींच्या हातात चिठ्ठी पडते : ‘साखर जास्त आहे, कमी करून या.’ आपल्याला मधुमेह आहे हे काहींना त्या चिठ्ठीवरूनच पहिल्यांदा कळते. पण साखर कमी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायला तिथे कुणाला सवड नसते. गडी घरी येतो, महिनाभर गोळ्या खातो, ऑपरेशन उरकतो आणि गोळ्या बंद करतो. ‘आता दिसतंय की, मग कशाला?’

खरा धोका इथेच आहे. मोतीबिंदू काढता येतो, पण मधुमेह डोळ्याच्या आतला पडदा खराब करतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, फुटतात. दुखत नाही, खुपत नाही आणि बराच काळ नजरही ठीक असते. नजर गेल्यावर धावपळ केली तर लेसरने किंवा इंजेक्शनने राहिलेली राखता येते, गेलेली बहुधा पूर्ण परत येत नाही. केंद्र सरकारने 2015 ते 2019 या काळात पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. त्यात 11.8 टक्के लोकांना मधुमेह आढळला आणि त्यांतल्या 16.9 टक्क्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला होता. मधुमेह असल्याचे माहीत असलेल्या दहातल्या नऊ जणांनी पडदा कधी तपासूनच घेतला नव्हता. उलट, साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड यांचे नुकसान कमी होते, हे इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासाने 1998 सालीच दाखवून दिले आहे.

मग डोळ्यांच्या दवाखान्यातच मधुमेहाची माहिती दिली तर? कल्पना चांगली आहे. नजर जाईल म्हटल्यावर माणूस जेवढे मन लावून ऐकतो, तेवढे एरवी ऐकत नाही. पण नुसत्या सांगण्यावर भिस्त ठेवू नये. अमेरिकेत 42 ठिकाणच्या नेत्र दवाखान्यांत सतराशेहून अधिक रुग्णांवर हा प्रयोग झाला. काहींची साखर तिथल्या तिथे तपासली, पुढचा धोका छापील कागदावर समजावून दिला. 2015 साली निकाल आला : वर्षभरानंतर त्यांच्या आणि बाकीच्यांच्या सरासरी साखरेत फरक पडला नव्हता. यावरून सांगणे फुकट असे कोणी म्हणेल, पण आमच्या मते अर्थ वेगळा आहे. वर्षातून एक-दोनदा सांगून माणसाचे ताट बदलत नाही, मागे कोणीतरी लागावे लागते.

आपल्याकडे त्याची सोय कागदावर तरी आहे. डोळे तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि पेशंट अर्धा-पाऊण तास बाकावर बसून राहतो. हीच बोलायची वेळ. त्या वेळी पत्रक हातात देऊन उपयोग नाही, कारण थेंबांमुळे जवळचे अक्षरच दिसत नाही! तोंडी सांगावे, आणि सोबत आलेल्या लेकाला-सुनेला बसवून सांगावे, कारण चूल त्यांच्या हातात असते. सांगायचे तेही आपल्या भागाचे. ‘साखर बंद केलीय, गुळाचाच चहा घेतो,’ असे गुऱ्हाळाच्या मुलखात अभिमानाने सांगणारे कमी नाहीत. गूळ कोल्हापूरचा असला तरी रक्तात गेल्यावर साखरच. ताटभर भाताचा हिशेबही त्यातच धरावा लागतो.

दुसरा टप्पा गावातला. तीस वर्षांपुढच्यांची मधुमेहासाठी तपासणी करणे हे आशाताई आणि आरोग्य उपकेंद्राचे ठरलेले काम आहे. पण शिबिराची यादी एकीकडे आणि उपकेंद्राचे रजिस्टर दुसरीकडे. ‘साखर जास्त’ म्हणून परत पाठवलेल्या माणसाचे नाव आठवड्याच्या आत उपकेंद्रात पोचले पाहिजे. मग महिन्याला साखर तपासली जाते का, गोळ्या चालू आहेत का, वर्षातून एकदा पडदा पाहिला का, हे विचारता येते. पडदा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तपासावाच लागतो.

सरपंच आणि ग्रामसेवकांना यात पैसा फारसा घालावा लागणार नाही. शिबिराला गावाची जागा, मांडव देताना संयोजकांना दोन अटी घालाव्यात : बाकावर बसलेल्यांशी बोलायला एक माणूस, आणि जाताना यादीची प्रत उपकेंद्राला. यादी आशाताईंकडेच राहू द्यावी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावू नये. आजाराची नावे चव्हाट्यावर आली की पुढच्या शिबिराला माणसे येत नाहीत.