जुन्या नोटा आणि डांबरगोळ्या

आषाढात रायगडावरचे ढग हिरकणीवाडीच्या माजघरापर्यंत उतरतात. अशाच एका सकाळी एक आजोबा आपल्या सुनेसह वीस दिवसांच्या नातवाला घेऊन आले. बाळ पिवळे आणि फिकट पडले होते, दूध ओढत नव्हते. लघवी कोऱ्या चहासारखी होत होती. दुपट्याला उग्र वास होता. चौकशीअंती कळले की दुपटी आजोबांच्या नोटासंग्रहाच्या ट्रंकेतील असून, कागदाला कसर लागू नये म्हणून तीत मूठभर डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या.

डांबरगोळीतील नॅप्थलीनची वाफ श्वासातून व त्वचेतून शरीरात शिरते. तांबड्या पेशींत ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात उणीव असल्यास त्या पेशी भराभर फुटतात. ही उणीव मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते. बाळाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. रक्त द्यावे लागले, पण बाळ वाचले.

आजोबांनी संग्रह जाळून टाकण्याची भाषा केली, तेव्हा मीच त्यांना अडविले. त्यात १९१७ची पंचम जॉर्जची एक रुपयाची नोट आहे. महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली म्हणून सरकारने काढलेली. त्याहून जुन्या नोटांची कथा तर अमेरिकेपर्यंत पोहोचते. १८६१ साली येथे नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे गेला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली आणि तेथील सरकारनेही युद्धखर्चासाठी हिरव्या पाठीच्या नोटा छापल्या. तिकडचा कापूस अडला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपताच ओसरलेल्या सट्ट्यात बँक ऑफ बॉम्बे बुडाली. एल्फिन्स्टन व माल्कम यांची चित्रे असलेल्या तिच्या नोटा आज संग्राहकांना क्वचितच लाभतात. असा ठेवा जाळायचा कशाला?

नोटांसाठी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे घ्यावीत, पीव्हीसीची नकोत. लॅमिनेशन व चिकटपट्टी तर मुळीच नको. ओल शोषण्यास सिलिका जेलच्या पुड्या पुरतात, मात्र त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. डांबरगोळीऐवजी कापूरही ठेवू नये. तो गिळल्यास लहान मुलास झटके येतात. दम्याच्या रुग्णाने बुरसटलेली ट्रंक स्वतः उघडू नये, आणि थुंकी लावून नोटा मोजण्याची सवय सर्वांनीच सोडावी.

आजोबांनी नोटा आता पत्र्याच्या निराळ्या डब्यात ठेवल्या आहेत. दुपटी सुनेने दोनदा धुऊन, उघडीप मिळाली त्या दिवशी उन्हात वाळविली.